जप्तीतला गंज

सिरसटोल्यात कोणाकडे बाळ जन्मलं किंवा म्हातारं माणूस गेलं, तर नातेवाइकांना फोन नंतर जातात. आधी एक माणूस जिजाबाई मेश्रामच्या दाराशी येऊन उभा राहतो. यात जिजाबाईबद्दलचा आदर आहेच, पण भांड्यांची गरज त्याहून मोठी आहे. विहाराच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात समाजाची भांडी असतात आणि खोलीची किल्ली जिजाबाईच्या कमरेला असते. लामत्याची बस चुकली तर दुसरी मिळते. जिजाबाई बाजाराला गेली असेल तर मात्र लग्नघरसुद्धा चूल न पेटवता तिची वाट पाहत बसतं.

खोलीत कढया आहेत, कोपरं म्हणजे खोलगट पराती आहेत, झारे आहेत, ताटांच्या चवडी आहेत. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. त्यामुळे सिरसटोल्यात पंगतीला बसलं की ताटात आधी कोणाचे तरी आजोबा दिसतात, आणि मग त्यांच्या अंगावर वरण पडतं.

या सगळ्यांचा राजा म्हणजे मोठा गंज. उंच काठाचं, दोन माणसांनी उचलायचं पातेलं. त्यात भात शिजवायला झारा पुरत नाही, फावडं लागतं, असं चहाच्या टपरीवरचा दुलीचंद म्हणतो. पण दुलीचंदचं बोलणं त्याच्या चहासारखंच, पाणी घालून वाढवलेलं. गंजाच्या काठाखाली नाव आहे : धम्मपाल सोमाजी मेश्राम, सिरसटोला. हा जिजाबाईचा नवरा. तो गेला त्या वर्षी तिनं त्याच्या नावानं हा गंज समाजाला दिला. नाव कोरणाऱ्यानं जिल्ह्याच्या गावी, बालाघाटच्या दुकानात विचारलं होतं, नावाच्या आधी कालकथित टाकू की स्वर्गीय? जिजाबाई म्हणाली, "काहीच नोको टाकू. लेकरं जेवतेत त्यातलं. मेलेला मानूस कायले कोरतं? नुसतं नाव टाक."

तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं की या एका न कोरलेल्या शब्दापायी पुढे सरकारची गाडी गावात येईल.

धम्मपाल उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडावर विडीच्या पानांचा हिशेब ठेवणारा मुन्शी असायचा आणि उरलेलं वर्ष दारूच्या मागे लागलेला असायचा. पिण्यासाठी नव्हे, तिची मडकी फोडण्यासाठी. नाल्याकाठी कोणी दारूसाठी मोहफुलं सडत घातली की याला झोपेत वास यायचा. लग्नात वऱ्हाडाला अत्तर लावायचं काम तो मागून घ्यायचा, कारण त्या निमित्तानं प्रत्येकाच्या तोंडाजवळ नाक नेता येतं. एकदा खुद्द नवरदेवाला त्यानं मांडवाबाहेर तासभर पाणी पीत बसवलं होतं. त्याच्या धाकानं गावातले पिणारे शेजारच्या गावात जाऊन प्यायला लागले, आणि शेजारच्या गावचे लोक तक्रार घेऊन आले, की तुमच्या धम्मपालनं आमचं गाव बिघडवलं.

असा माणूस. त्याची बायको मात्र कोणाच्या तोंडाजवळ नाक नेणारी नव्हे. भांडी न्यायला आलेल्याला जिजाबाई दोनच गोष्टी विचारते : मानसं किती, अन् परत कधी? कशासाठी, हे ती विचारत नाही. सून राखी यावरून तिला नेहमी बोलायची.

"आई, विचारत जा नं. कोनी काय करन, कोनी काय करन."

"करन काय? सैंपाकच करन. गंजात बसून कोनी गोंदियाले जात नाही."

चैत्रात पलीकडच्या टोल्यातला महागू गंज न्यायला आला. हा महागू म्हणजे ज्याची मडकी धम्मपालनं दोनदा फोडली होती, आणि तरी धम्मपालला खांदा द्यायला जो पहिला आला होता, तो. त्याची आई वारली होती, तेरवीचं जेवण होतं. जिजाबाईला ते ठाऊक होतं. तरी तिनं दोनच गोष्टी विचारल्या, आणि महागू गंज घेऊन गेला.

जेवण नीट झालं. पण महागूचे भाचे मुक्कामाला थांबले होते. दिवस मोहफुलांचे, अंगणात फुलं सुकत पडलेली, आणि समोर एवढा मोठा गंज रिकामा बसलेला. भाच्यांना ते बघवेना. त्यांनी गंज नाल्याकाठच्या झुडपात नेला, त्यात मोह सडत घातला आणि वरून पळसाची पानं झाकली. महागूला कळलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. पण पाहुण्यांना, तेही आईच्या दिवसांत, काय बोलायचं? उद्या बोलू, असं म्हणून तो झोपला. उद्या आबकारीचं पथक आलं. दारूवर नजर ठेवणाऱ्या या खात्याची गाडी नाल्यावर थांबली, भाचे शेतातून पळाले, मोह मातीत ओतला गेला आणि गंज गाडीत चढला.

पथकातला हवालदार लांबून बदलून आलेला, नवा. त्यानं भांडं फिरवून पाहिलं. त्यावर आरोपीचं नाव, बापाचं नाव आणि गाव, सगळं सुवाच्य अक्षरात कोरलेलं. एवढा प्रामाणिक आरोपी त्याला सबंध नोकरीत भेटला नसेल. त्यानं ते पंचनाम्यात उतरवलं आणि गाडी दुलीचंदच्या टपरीसमोर उभी केली.

"धम्मपाल मेश्राम कौन है इधर?"

दुलीचंदच्या हातातली गाळणी थांबली. "काहे साहब?"

"उसकी कच्ची दारू का सामान पकड़ा है नाले पे. बर्तन छोड़ के भागा है. किधर मिलेगा?"

बाकावरच्या एका म्हाताऱ्याला हसू आलं, त्याचं पाहून दुसऱ्याला.

"साहब," दुलीचंद म्हणाला, "मिल जाएँ तो हमको भी बताना. गाँव को भी उनसे दो बातें पूछनी हैं."

हवालदाराला वाटलं, गाव आरोपीला लपवतंय आणि वर थट्टाही करतंय. त्यानं रागारागानं कागदावर एक शब्द वाढवला : फरार. जो माणूस जिवंतपणी सासुरवाडीलासुद्धा मुक्काम करायचा नाही, तो मेल्यावर असा फरार झाला.

काही दिवसांनी जिजाबाईच्या दाराला हिंदीतली नोटीस चिकटली. राखी सीमेपलीकडच्या गोंदियाकडची, मराठी मुलखातली असली तरी बारावीपर्यंत हिंदीत शिकलेली. ती कागद मनातल्या मनात वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"का लिवलं हाय? मोठ्यानं वाच."

"बाबांच्या नावानं हाय, आई. लिवलं हाय का तुमचं भांडं दारूच्या कामात जप्त झालं. ते राजसात काहून करू नये, हे येऊन सांगा. नाही आले तं राजसात होईन."

"राजसात म्हंजे?"

"सरकारचं होऊन जाईन. कायमचं."

जिजाबाईनं पदरानं हात पुसले. "मंग सरकार का त्यात सैंपाक करते?"

"लिलाव करते."

संध्याकाळी भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबला. गंज गेला, हे एक दुःख. बुद्धपौर्णिमा जवळ आलेली, आणि गावभराची खीर दरवर्षी त्याच गंजात होते. पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. त्या माणसानं आयुष्यभर मडकी फोडली, आणि आता सरकारच्या कागदावर तो दारू गाळणारा म्हणून राहणार. कागद जपून ठेवण्यात सरकारचा हात कोणी धरणार नाही. उद्या नातू मोठा होऊन सरकारी नोकरीच्या चौकशीत उभा राहिला, तर आजोबा फरार निघणार.

"राखे," ती म्हणाली, "बालाघाटले जाऊ. वकिलाले विचारू."

कचेरीजवळच्या टपऱ्यांमध्ये राखीला वकील सापडली ती ऋता. शहरातल्या जुन्या मराठी घरातली मुलगी. आजोबा तहसिलीत, वडील शिक्षण खात्यात. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत ती स्वतः.

"आजी, मराठी समजते मला सगळी. बोलताना थोडी गडबड होते."

"होऊ दे वो. आमच्या घरीबी सध्या गडबडच हाय."

ऋतानं नोटीस वाचली. वाचताना एकदा हसू दाबलं, आणि ते जिजाबाईनं पाहिलं.

"हास, हास. गाव हासून राह्यलं, तू काहून राहतेस?"

"तसं नाही आजी. ऐका. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जप्ती म्हणजे सरकारनं वस्तू धरून ठेवली. हात सरकारचा, पण मालकी अजून तुमची. राजसात म्हणजे मालकीच गेली. आता तुमचा गंज या दोन्हींच्या मधे उभा आहे."

"मधात कोन हाय?"

"मधे सुनावणी आहे. मालकाला विचारल्याशिवाय सरकारला कायमचं घेता येत नाही. मालकानं यायचं आणि सांगायचं, की माझ्या भांड्याचं असं काही होणार आहे हे मला माहीत नव्हतं. ते साहेबांना पटलं, तर भांडं परत मिळू शकतं."

जिजाबाई विचारात पडली. घ्यायची ताकद एवढी मोठी, तरी आधी विचारायची रीत ठेवली आहे, हे तिला पटलं. ज्या कोणी हा कायदा लिहिला, त्याच्या घरी बहुतेक भांडी उसनी जात असावीत.

"पण आजी, साहेब एक गोष्ट विचारणारच. गंज कोणाला दिला होता?"

राखीनं सासूकडे पाहिलं. सासूनं रस्त्याकडे पाहिलं.

"नाव सांगावं लागन?"

"नाही सांगितलं, तर साहेब म्हणतील तुम्ही लपवता. मग माहीत नव्हतं, हे कोण मानणार?"

परतीच्या बसमध्ये, लामता आल्यावर राखी म्हणाली, "सांगून टाका आई. त्यायनं केलं, त्यायनं भोगावं."

"त्यानं नाही केलं. त्याच्या भाच्यायनं केलं."

"मंग भाच्यायचं नाव सांगा."

"मले त्यायची नावं कुठं मालूम? मी त्यायले नुसतं जेवताना पाह्यलं. एक चार वेळा भात घेनारा होता, त्याले 'चार वेळा भात' म्हनून धराले सांगू का?"

महागू गंज गेल्यापासून विहाराच्या रस्त्यानं येतच नव्हता. बाजाराला जायचं तर शेताच्या बांधावरून वळसा घालून जायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव न बोलता त्याच्या वळशाकडे बघत होतं. सुनावणीच्या आधल्या रविवारी तो आला तो सायकलवर नवा कोरा गंज बांधून. जुन्यापेक्षा बोटभर मोठाच.

"वहिनी, हा घे. त्या जुन्याले सोड. यावर भाऊचं नाव मी टाकून देतो, पाहिजे तं मोठ्या अक्षरात."

जिजाबाईनं नव्या गंजाला हातही लावला नाही. "अन् त्या कागदावरचं नाव? तेबी तूच खोडून आनतं का?"

महागू खाली बसला.

"तू साहेबाले माहं नाव सांगनार का?"

"आपल्या मनानं नाही सांगनार. पन साहेबानं विचारलं तं खोटंबी नाही बोलनार. एक दारूवाला फरार हाय आमच्या घरात, आता त्याची बायको खोटारडी निघाली तं झालंच."

"मले जेल होईन का वो?"

"मले का मालूम? मी का कायदा शिकली? जा, अन् हा गंज परत करून ये. दुकानदार घेते का पाह्य."

महागू गेला. राखी आतून बाहेर आली. "एवढा नवा गंज आनला होता, ठेवून घेतला असता."

"राखे, तुहा नवरा हरवला अन् कोनी त्याच्यापेक्षा बोटभर उंच आनून देला, तं ठेवशीन का?"

राखीनं थोडा विचार केला, आणि विचार केल्याबद्दल सासूची एक चापट खाल्ली.

सुनावणीच्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात बाकं भरलेली. कोणाची मोटारसायकल अडकलेली, कोणाचा पिकअप. सगळ्यांचे चेहरे दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. जिजाबाईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं, आणि राखीच्या पिशवीत सासऱ्याचा मृत्यूचा दाखला, विहार समितीचा कागद आणि सकाळच्या भाकरी होत्या.

मग दारातून शिपाई ओरडला, "धम्मपाल सोमाजी मेश्राम हाजिर हो!"

जिजाबाईनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. घरात तो 'हे' होता, बाहेर 'राखीचा सासरा'. एवढ्या वर्षांनी ते सबंध नाव, बापासकट, कोणी असं मोठ्यानं घेतलं, आणि तेही चोराला हाक मारावी तसं. शिपाई पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडायच्या आत ती उठली.

"हाजिर हाय."

शिपायानं तिला खालीवर पाहिलं. "आप धम्मपाल?"

"मी त्यायची बायको. त्यायले याले नाही जमत."

व्हरांड्यात कोणी तरी हसलं. ऋता तिला दंडाला धरून आत घेऊन गेली.

साहेब मध्यम वयाचे, डोळ्यांखाली काळं आलेले. त्यांनी दाखला पाहिला, पंचनामा पाहिला, परत दाखला पाहिला, आणि हवालदाराकडे असं पाहिलं की तो खिडकीतून बाहेर एक झाड बघायला लागला.

"ये आदमी तो पहले ही गुज़र चुका है."

"जी सर. बर्तन पे नाम था सर."

साहेबांनी चष्मा पुसला. "अम्मा, बर्तन आपका है?"

"नाही साहेब. गावाचा हाय."

"पर नाम आपके पति का है."

"नाव त्यायचं हाय. दान देलं तवा भांडं गावाचं झालं, नाव त्यायचं राह्यलं."

ऋतानं ते हिंदीत नीट करून सांगितलं आणि विहार समितीचा कागद पुढे केला. साहेब मान हलवत होते. मग तो प्रश्न आलाच.

"ठीक है. किसको दिया था?"

जिजाबाईनं पदर घट्ट धरला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शिपाई कोणाला तरी मागे ढकलत होता आणि तो माणूस शिपायाच्या काखेखालून आत डोकावत होता.

"मी नेलता साहेब! महागू! मी हाव!"

"तुले कोन बोलावलं?" जिजाबाई साहेबांच्या आधी ओरडली. "आपल्या घरी बसता नाही येत?"

"कोनी नाही बोलावलं वहिनी. सायकलनं आलो." त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. हात जोडून तो साहेबांकडे वळला, आणि घरून जुळवून आणलेली हिंदी अर्ध्यात सोडून आपल्या बोलीत बोलायला लागला. "मायच्या तेरवीले नेलता साहेब. जेवन झालं. मंग माह्या घरच्या लेकरायनं त्यात मोह टाकला. मले कळलं तवा मी बोललो नाही, हे माहं चुकलं. मायचे दिवस होते, घरी पाव्हने. पन या बाईले काही मालूम नोतं. अन् भाऊ... भाऊ असता तं तुमच्या आधी त्यानंच हे धरून देलं असतं."

खोलीतले सगळे महागूकडे बघायला लागले. हवालदारसुद्धा झाडावरून परत आला.

साहेबांनी महागूचं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं. मग जिजाबाईकडे वळले. आवाज थोडा कडक झाला, कारण आता खरी गाठ इथेच होती.

"अम्मा, आपने पूछा नहीं था, किस काम के लिए ले जा रहा है?"

"नाही."

"किसी से नहीं पूछतीं?"

"नाही साहेब."

राखीनं डोळे मिटून घेतले. गेली कित्येक वर्षं ती हेच सांगत होती.

"क्यों?"

तिनं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, राखीलाही नाही.

"पयले विचारत होती. एकदा एक बाई आली. मी विचारलं, कायले पाहिजे बाई? ते म्हने, पोरीचं लगन हाय. मी म्हटलं, वा! हासली, थट्टा केली तिची, का आम्हाले पत्रिका नाही. ते बी हासली. गंज घेऊन गेली. मंग कळलं का तिची पोरगीच वारलती. पोरगी गेली, हे तोंडानं म्हनता येत नोतं तिले, म्हनून लगन म्हनली." जिजाबाईनं नाक ओढलं. "तवापासून नाही विचारत. मानसं किती, अन् परत कधी. भांड्याले तेवढंच लागते."

ऋतानं हे हिंदीत सांगायला सुरुवात केली, पण साहेबांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं.

ते ऋताला म्हणाले, की इथे मुद्दा एकच असतो, मालकाला माहीत होतं की नव्हतं. लोक इथे येतात आणि शपथेवर सांगतात, आम्हाला माहीत नव्हतं. आणि आत्तापर्यंत एकाचंही त्यांना पूर्ण पटलं नव्हतं. ही बाई तर न विचारण्याचा नियमच करून बसली आहे. "इनको तो सच में मालूम नहीं हो सकता," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

गंज राजसात झाला नाही. विहाराच्या ताब्यात परत द्यायचा हुकूम निघाला, आणि आरोपी म्हणून धम्मपालचं नाव कमी करायचा. महागूवर आणि भाच्यांवर वेगळं प्रकरण चालणार होतं. ते टळलं नाही. ऋतानं महागूला बाजूला घेऊन सांगितलं की आपण होऊन कबूल केलंस, याचा उपयोग होईल, आता भाच्यांनाही घेऊन ये. "आनतो," महागू म्हणाला, "चार वेळा भात खाते, एकदा हाजरी दे म्हना."

व्हरांड्यात येताना राखी हळूच म्हणाली, "आई, विचारत जा असं मी आता नाही म्हननार."

"म्हन, म्हन. तू नाही म्हटलं तं मले करमत नाही."

जप्तीचा माल ठेवायची खोली, मालखाना, मागच्या अंगाला होती. कारकुनानं कुलूप उघडलं आणि आतून आंबट वासाची गरम हवा बाहेर आली. मोटारसायकली एकमेकींवर रेललेल्या, काहींच्या चाकांतून वेल चढलेला. प्लॅस्टिकचे डबे, रबराच्या नळ्या. आणि भिंतीला लागून भांडी. जिजाबाईला वाटलं होतं, आपला गंज एकटाच असेल. पण तिथे पातेली होती, डेचक्या होत्या, तांब्याचा एक जुना हंडा होता, कडा चेपलेली परात होती. बहुतेकांवर नावं होती. आपला गंज तिला लगेच दिसला. तिनं जाऊन त्याच्या काठावर हात ठेवला, वाकून आत पाहिलं, तोंड वाकडं केलं. "वास तं पाह्य. चिंच लागन, अन् राख."

महागूनं गंज उचलून बाहेर नेला. जिजाबाई मात्र तिथेच उभी.

"राखे, त्या हंड्यावर का लिवलं हाय?"

राखी वाकली. "जमनाबाई... परसवाडा. पुढचं चेपलं."

"अन् ते?"

"बैहर. नाव 'फुलवंती' दिसते."

जिजाबाईनं कारकुनाला विचारलं, "यायचे मालक येऊन गेले का हो, साहेब?"

"कहाँ आता है कोई, अम्मा. नोटिस जाता है, कोई आता नहीं. आखिर में राजसात हो जाता है."

"काहून नाही येत?"

कारकुनानं खांदे उडवले. पण जिजाबाईला उत्तर ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी ती स्वतःही आली नसती. सरकारनं उचललं म्हणजे गेलं, असंच तिला जन्मभर वाटत आलं होतं. मधे एक जागा असते, तिथे उभं राहून बोलता येतं, हे या हंडेवालीला कोणी सांगितलं असेल?

"राखे, फोटू घे सगळ्यायचे. नावासकट."

"आई, आपला गंज मिळाला नं? बस चुकन."

"दुसरी येईन."

कारकून आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, बाहेरून काढा, आत नको. मग स्वतःच हंडा दाराशी उजेडात आणून नाव दिसेल असा फिरवून ठेवला.

गंज बसच्या टपावर गेला. सायकलही वर गेली, आणि महागू खाली दोघींच्या मागच्या सीटवर बसला. लामत्याच्या स्टँडवर उतरल्यावर जिजाबाईनं घरची वाट न धरता जीपवाल्यांचा अड्डा गाठला. परसवाड्याच्या फेऱ्या मारणारा गजेंद्र जीप भरत उभा होता.

"गजेंद्र, परसवाड्यात जमनाबाई कोन हाय रे?"

"मावशी, परसवाड्यात जमनाबाया दहा असतीन."

"दाहीले सांग. ज्या जमनाबाईचा तांब्याचा हंडा सरकारनं नेला, तिनं राखीच्या मोबाइलवर फोन करावा. अन् बैहरकडच्या जीपवाल्याले सांग, फुलवंती."

"सरकारनं नेलेला हंडा परत भेटते का, मावशी?"

जिजाबाईनं बोटानं बसकडे दाखवलं. टपावरून महागू गंज उतरवत होता, आणि स्टँडवरचे चार जण उगीचच खालून हात देत होते. गजेंद्रनं गंजाकडे पाहिलं, मग जिजाबाईकडे, आणि राखीचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये घेतला.

पौर्णिमेला खीर झाली. वास पूर्ण गेला नव्हता असं दुलीचंदचं म्हणणं, पण त्यानं ते तिसऱ्या वाटीनंतर सांगितलं.

खीर वाढून होते न होते तोच राखीचा फोन वाजला. तिकडे एक बाई होती, घाबरलेली, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत होती. राखीनं फोन सासूच्या कानाला लावला.

"हौ, मीच जिजाबाई... हौ, हंडा हाय, मी डोळ्यानं पाह्यला... नाही वो, मारत नाहीत. विचारतेत. तू मंगळवारी ये. मी येतो संग... का आनायचं? आधार कारड आन, नोटीस आन. अन् दोन भाकरी बांधून आन बाई, तिथं लई बसवून ठेवतेत."